लातुरात घेतलेली होडी

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी एकदा होडी घेतली होती असं कळलं की लोक पहिलं तेच विचारतात. दुसरं विचारतात, कुठं घेतली? लातूरला, म्हटलं की समोरचा माणूस माझ्याकडं असं बघतो की पुढं काही सांगायची इच्छाच मरते. लातूरला होडी! जिथं नळाला पाणी आलं तर शेजारणीला हाक मारून उठवतात, तिथं मी होडी घेतली. तीही जुनी, वापरलेली, सरकारी लिलावात, आणि घ्यायची नसताना. आता इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले आहे ते माझं मलाच नीट कळावं म्हणून. कळेल की नाही, देव जाणे.

माझं माहेर लातूर. आमचं किराण्याचं दुकान, गोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत. सासर नांदेड. लग्न होऊन आले आणि वर्षभरात गोदावरीच्या पलीकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली. रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा आणि दोन गाड्या. नदीतून गेलं की दहा मिनिटं. म्हणून रोज सकाळी होडी. होडी चालवणारे भोई माझ्याहून वीस-एक वर्षांनी मोठे होते, मी त्यांना मामा म्हणायची. पहिल्या दिवशी मी मधोमध उकिडवी बसले, दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि डोळे मिटून घेतले.

मामा म्हणाले, "म्याडम, डोळे मिटल्यानं पाणी कमी होत न्हाई."

मला असा राग आला! त्याच दिवशी मला नववीला वस्तू पाण्यावर का तरंगते ते शिकवायचं होतं. जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढ्याच्या वजनानं पाणी आपल्याला वर ढकलतं, हे मी फळ्यावर बाण काढून दाखवलंही. फळ्यावरच्या होडीत मला कधी भीती वाटली नाही. खऱ्या होडीत मी पुढं सहा वर्षं रोज गेले-आले, पण भीती काही गेली नाही. फक्त डोळे उघडे ठेवून भ्यायला शिकले, इतकंच. तेवढं मामांनी शिकवलं.

मग भूकंप झाला. त्याच्याबद्दल सगळ्यांनी इतकं सांगून ठेवलंय की मी वेगळं काय सांगू. नांदेडला आमच्या घरात मांडणीवरची भांडी खाली आली, आम्ही अंगणात आलो, पुन्हा आत गेलो, चहा केला. सकाळी बातम्या लागल्या. माझी मावशी ज्या गावात राहायची त्या गावाचं नाव त्या बातम्यांत होतं. मी तिथं पोचले तिसऱ्या दिवशी. तोवर सगळं आटोपलं होतं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला बसवून माती देतात, वर समाधी बांधतात, तिथं जाऊन विभूती लावतात. त्या दिवसांत एवढं करायला वेळ कुणाला होता, आणि करणारी माणसं तरी कुठं उरली होती? सगळ्यांना एकत्र अग्नी दिला होता. मी जाऊन नुसती उभी राहिले, लष्कराच्या एका जवानानं मला पाणी दिलं, आणि मी परत आले. ह्या विषयावर मी घरात कधी बोलले नाही. कुणी विचारलं तर, 'हो, आमची पण मावशी तिकडंच होती,' एवढंच म्हणायची. 'होती' म्हणायची, 'गेली' असं कधी म्हणायची नाही. का, ते विचारू नका. मलाच ठाऊक नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत दुसरीच लाट आली. लातूरचे निकाल, लातूरची पोरं, डॉक्टर, इंजिनियर! जो तो लातूरला नाहीतर नांदेडला पोरगं ठेवायला निघाला. भोकर, मुदखेड, देगलूरकडून आईबाप ट्रंका घेऊन यायचे आणि खोली कुठं मिळंल म्हणून दारोदार विचारत फिरायचे. मी नोकरी सोडली आणि घराच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या काढून फिजिक्सचा क्लास सुरू केला. स्लॅब टाकायला पैसे नव्हते, पण लोकांना वाटायचं म्याडमनी भूकंपाचा विचार करून पत्रे घातले. पालक वर बघून खूश व्हायचे. मीही कधी त्यांचा गैरसमज काढला नाही. अशा गैरसमजावर क्लास चालत असेल तर कोण काढील?

नदी सुटली, मामा सुटले नाहीत. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत लावलेली वाळकं घेऊन यायचे, एखादा कागद वाचून घ्यायचे, चहा पिऊन जायचे. होडी घेतली त्या वर्षी आले तेव्हा वाळकं आणली नव्हती. आदल्या पावसाळ्यात पुरात वाहून आलेलं एक झाड त्यांच्या होडीला बसलं, आणि आधीच कुजलेला तळ उकलला. तेव्हापासून ते दुसऱ्याची होडी रोजावर चालवत होते. आता त्या मालकानं सांगितलं होतं की मिरगापासून माझा पुतण्या बसणार, तुम्ही तुमचं बघा.

"मिरगाच्या आत सोताची होडी पाण्यात पडली तर पडली," मामा म्हणाले, "नसता ह्या वयात बांधकामावर टोपली उचलाया जावं लागतंय. मला दुसरं काय येतं?"

नवी लाकडी होडी बांधून घ्यायची त्यांची ऐपत नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण मनाला लागून राहिलं.

आणि आठच दिवसांत पेपरात ती जाहिरात आली. लातूरच्या एका सरकारी कचेरीच्या आवारातल्या जुन्या सामानाचा जाहीर लिलाव. तंबू, सतरंज्या, पातेली, पाण्याच्या टाक्या, स्ट्रेचर, आणि मधेच: होडी, फायबरची, वापरलेली, एक नग. मी तीनदा वाचलं. छापायची चूक असेल म्हणून आमच्या ह्यांना वाचायला दिलं. हे बँकेत. आकडा आणि अक्षर यांत यांची चूक होत नाही. हे म्हणाले, "होडीच आहे. पण लातुरात हिचं काय केलं असेल यांनी?"

मी मामांना निरोप धाडला.

लातूरला आम्ही दोघं एसटीनं गेलो, मी आणि मामा. मामांनी धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि कमरेला पैशाचा कसा बांधलेला, त्याच्यावर सारखा हात. बसमध्ये एकदाच बोलले, "म्याडम, मला तितलं काही कळत न्हाई. बोलायचं कवा, थांबायचं कवा, तुम्ही सांगा." मी म्हटलं, "मी आहे ना." मी आहे ना! हे शब्द माझ्या तोंडून निघाले की काहीतरी बिघडतंच, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

आवारात होडी एका लिंबाच्या झाडाखाली होती. निळा रंग उडून पांढुरका झालेला, एका बाजूला ठिगळ मारलेलं, आत वाळलेला पाला आणि शेणाचे डाग. होडीत शेण कसं? माझं डोकंच चालेना. तिथला बाबू, म्हणजे लिलावाची वही सांभाळणारा कारकून, स्वभावानं भला होता. त्यानं सांगितलं.

"भूकंपाला कुठून कुठून मदत आली न म्याडम, त्यात ही आली. समुद्राकडल्या कोण्या लोकांनी धाडली. संकट म्हणल्यावर त्यांच्याकडं पहिले होडी काढत असतील, म्हणून काढली. ट्रकवाल्यानं उतरवली अन् गेला. आता वापस कोणाला करायची? मग गावात टँकर आला की हिच्यात पाणी भरून ठेवायचे. ढोरं पाजायची. मग इकडं जमा झाली."

म्हणजे पाण्यावर तरंगायची वस्तू, तिच्यातच पाणी भरून ठेवलं, आणि म्हशी ते प्याल्या. मला हसू यायला लागलं. मी हसत हसत होडीच्या मागच्या बाजूला गेले. तिथं काळ्या ऑइलपेंटनं, घाईघाईत, वाकड्या अक्षरांत कुठं उतरवायची त्या गावाचं नाव लिहिलेलं होतं. ते मावशीच्या गावाचं नाव होतं.

मी त्या अक्षरांवर हात ठेवला. किती वेळ ठेवला ते मला सांगता येणार नाही. बाबू मागं विचारत होता, "काय झालं म्याडम? तिकडच्याच का तुम्ही?" मी म्हटलं, माझं आजोळ, मावशी तिथं होती. डोळ्यात कचरा गेला म्हणून पदर लावला. पण लिंबाखाली वारा नव्हता आणि कचराही नव्हता, हे तिथं उभ्या असलेल्या आम्हा तिघांनाही दिसत होतं. मामा जरा बाजूला सरकले आणि उगाच होडीचं बूड ठोकून बघू लागले.

लिलाव सुरू झाला. तंबू गेले, पातेली गेली. होडीची पाळी आली तसा बाबू माझ्याजवळ आला, घाम पुसत. बोली लावायला कमीत कमी तीन माणसं लागतात म्हणे. दोनच असली तर लिलाव तहकूब, पुढची तारीख, आणि ती पावसाळ्यानंतर. होडीसाठी दोनच जण होते: मामा आणि एक भंगारवाला.

"म्याडम, तुमचं नाव तिसरं टाकतो. एकदा बोलायचं फक्त. रेकॉर्डला एक आकडा लागतो. मग गप बसा. त्यांनाच जाईल."

पावसाळ्यानंतर होडी मिळून मामांना काय उपयोग? मिरगाला तीन आठवडे उरले होते. मी सही केली, अनामत भरली. मामांना मात्र सांगायचं राहिलं. राहिलं कसं म्हणता? तेवढ्यात साहेब येऊन बसले, मोठ्यानं पुकारा झाला, आणि मला वाटलं, यात सांगायचं काय आहे, त्यांना कळेलच. मला जे कळतं ते जगाला कळतं असं समजायची मला मास्तरकीनं सवय लागली आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भंगारवाल्यानं एकदा बोली लावली, मग फायबर वजनावर विकलं जात नाही असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं, तो मागं सरला. मामा बोलले. स्पष्ट, खणखणीत आवाजात बोलले, मला बरं वाटलं. बाबूनं माझ्याकडं बघितलं. मी शंभरानं वर बोलले. आता मामांनी आणखी शंभर म्हणायचं, साहेबांनी टेबलावर हात मारायचा, आणि आम्ही उसाचा रस पिऊन घरी जायचं, असा माझा हिशोब.

मामांनी माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं होतं ते मिटलं. कमरेच्या कशावरचा हात काढला आणि दोन्ही हात जोडले, मला.

"एक वार," साहेब म्हणाले.

मी डोळ्यांनी खुणावलं. बोला! मामांनी मान हलवली, हसले.

"दोन वार."

मी भुवया वर केल्या, हात हलवला, शेवटी हळूच "मामा!" म्हटलं. ते हाताच्या पंजानं मला शांत करत होते, जणू लेकीला म्हणावं, असू दे गं, असू दे.

तीन वार झाले. टेबल वाजलं. भंगारवाल्यानं माझं अभिनंदन केलं. मी खुळ्यासारखी उभी.

मला वाटलं, पैसे कमी पडले असणार. आणि पैसे कमी पडले का, हे चार लोकांत विचारायचं कसं? मी विचारलं नाही. मामा म्हणाले, "लई चांगली हाय, म्याडम. तळ पक्का हाय." आणि टेम्पो ठरवायला गेले. म्हणजे माझी होडी माझ्यासाठी नांदेडला न्यायचा इंतजाम करायला गेले! मी मागून ओरडले, "अहो, मला काय करायची ती?" त्यांना ऐकू गेलं नाही, की ऐकू येऊनही त्यांनी वळून बघितलं नाही, कोण जाणे.

टेम्पोत होडी, होडीत मामा, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी मी. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. जिथं थांबलो तिथं माणसं गोळा व्हायची. "कुठं पूर आला हो?" भर मे महिना, विहिरी कोरड्या, आणि लोक घाबरून विचारत होते पूर कुठं आला. एक म्हातारी तर म्हणाली, "आता पाण्याचा भूकंप येणार हाय का बाई?" मी काच वर करून घेतली.

नांदेडात बातमी माझ्याआधी पोचली होती. माझ्या क्लासपासून दोन गल्ल्या सोडून दुसरा फिजिक्सचा क्लास होता. त्यांच्याकडच्या पालकांनी म्हणे त्या सरांना विचारलं, "त्या म्याडम होडीवर प्रॅक्टिकल घेऊन राहिल्या, तुमच्याकडं काय हाय?" माझ्याकडं दोन नवी ॲडमिशनं आली, दोघांच्याही आईबापांनी विचारलं, होडीचे मार्क वेगळे असतात का. मी म्हटलं, नसतात. त्यांना वाटलं मी लपवतेय. हे घरात पोट धरून हसत होते. "तू वही आणायला जा म्हटलं तरी जपून जा बाई," म्हणाले, "छापखाना घेऊन यायचीस." मला हसू येत नव्हतं. मला काहीच कळत नव्हतं आणि ज्याला कळत होतं तो माणूस बोलत नव्हता.

होडी घाटाजवळ उलटी ठेवली होती. मामांनी तिच्यावर गोणपाट टाकलं, तिच्यातलं शेण धुतलं, ठिगळाभोवती डांबर भरलं. आणि हे सगळं करून रोज सकाळी दुसऱ्याची होडी चालवायला जायचे. घाटावरचे लोक 'म्याडमची होडी' म्हणायला लागले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी एक दिवसाआड घाटावर चकरा मारायची आणि तेच तेच बोलायची.

"मामा, न्या की हो ती. माझ्या डोक्याला ताप झालाय नुसता."

"हाव म्याडम."

"अहो, हाव काय! मी काय हिच्यात बसून भाजी आणायला जाऊ? उचला एकदाची ही ब्याद."

"हाव. बघतो."

बघतो म्हणायचे आणि गोणपाटाचं एक टोक नीट करायचे. एकदा मी चिडून म्हटलं, नसेल न्यायची तर जाळून टाका. तेव्हा ते माझ्याकडं असे बघायला लागले की मी घरी येऊन जेवलेच नाही. म्हटलं, भीड भिकेची बहीण म्हणतात तशी ह्यांना माझी भीड पडली आहे. मी बाई, मी मास्तरीण, माझ्या बोलीवर बोलायचं कसं, म्हणून लिलावात गप बसले आणि आता फुकट घ्यायला लाजतात. मग वाटलं, नाही, त्यांना होडीच पसंत नसेल. मग वाटलं, माझ्यावर रागावलेत. एका प्रश्नाची तीन उत्तरं, तिन्ही मला पटायची आणि एकही जुळायचं नाही. क्लासमध्ये पोरांनी असं केलं असतं तर मी वही फेकली असती.

मिरगाला चार दिवस उरले. त्या मालकाचा पुतण्या घाटावर येऊन वल्ही हातात घेऊन बघायलाही लागला होता. मी सकाळची बॅच सोडून दिली आणि तडक नदीवर गेले. मामा होडीजवळच बसले होते. मी पदर खोचला आणि उभ्यानंच सुरू केलं.

"मामा, आज सरळ सांगा. लिलावात तुम्ही का थांबला? पैसे कमी पडले?"

"न्हाई. होते की."

"मग माझी भीड पडली? म्याडम बोलल्या म्हणून?"

मामा हसले. "बाजारात भीड धरली तर खायचं काय, म्याडम? तुमच्या वर मी बोललो असतो. तोंड उघडलंच होतं."

"मग मिटलं कशाला?" मी किंचाळलेच. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका बघायला लागल्या.

मामांनी गोणपाट बाजूला केलं. ती काळी वाकडी अक्षरं उलटी दिसत होती. बाकी सगळी होडी त्यांनी घासून काढली होती, तेवढ्या जागेला हात लावला नव्हता.

"तुम्ही हितं हात ठिवला अन् रडल्या," ते म्हणाले. "मला वाचाया येत न्हाई, पण त्यो बाबू बोलला ते ऐकू आलं. तुमच्या माणसांसाठी आलेली होडी ही. त्यांना पोचली न्हाई. मंग तुम्ही नाव दिलं, बोली बोलल्या. म्या म्हणलं, म्याडमला पाहिजे. मयताच्या माणसाची चीज हाय. त्याच्यावर म्या शंभर रुपये जास्ती म्हणू? कोण्या तोंडानं म्हणू?"

मी खाली वाळूतच बसले. ती तिसरं नाव लागतं वगैरे सगळी कहाणी मी त्यांना सांगितली, पण सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता. मामांनी ऐकून घेतलं. "आसं हाय व्हय," म्हणाले.

"मग नंतर का नाही घेतली? मी किती वेळा म्हटलं, न्या म्हणून!"

"तुम्ही न्या म्हणल्याच न्हाई." मामांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही म्हणल्या ताप, तुम्ही म्हणल्या ब्याद. जाळून टाका म्हणल्या. मी गरीब आसंल, म्याडम, टाकलेलं उचलत न्हाई. आन ही चीज तुम्ही टाकायची न्हाई. तुम्हाला नको आसली तरी टाकायची न्हाई. तुम्ही ती देऊन न्हाई राहिल्या, फेकून राहिल्या."

मला लाज वाटली. आयुष्यात मला अशी लाज पुन्हा वाटली नाही. मिरग तोंडावर आलेला, पोटाचा प्रश्न, दोन-अडीच आठवडे ती होडी त्यांच्यासमोर पालथी पडलेली, आणि हा माणूस माझ्या तोंडून एक नीट शब्द निघायची वाट बघत होता. आणि मी काय करत होते, तर ओरडत होते. आता कळतं, त्या अक्षरांकडं बघायला लागू नये म्हणून ओरडत होते. होडी मला दिसायला नको होती. ती त्यांना मिळावी म्हणून नाही, माझ्यासमोरून जावी म्हणून मी घाई करत होते.

मी उठले. खोचलेला पदर सोडला, डोक्यावरून घेतला. आमच्या घरात कुणाला काही द्यायचं तर बायका असंच करून देतात. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. दोन्ही हात होडीवर टेकवले.

"मामा," मी म्हटलं, "माझी मावशी भूकंपात गेली. तिचं मी काहीच केलं नाही. माती दिली नाही, विभूती लावली नाही. मी उशिरा पोचले. ही होडी मी तिच्या नावानं तुम्हाला देते. ब्याद म्हणून नाही. तुम्ही चालवा, माणसं ह्या काठावरून त्या काठाला न्या. घ्या."

गेली. तो शब्द बोलला गेला होता. आता पुढं काय होतं ते बघायला मी घाबरून थांबले, तर काहीच झालं नाही. नदी होती तिथंच होती. कपडे धुणाऱ्या बायकांतली एक पदरानं डोळे पुसत होती, तिला कुठलं काय ठाऊक!

मामांनी टोपी काढली. दोन्ही हातांनी होडीला हात लावून कपाळाला लावले.

"घेतली," म्हणाले. मग विचारलं, "मावशीला काय म्हणायचे लोक?"

मी सांगितलं. भूकंपापासून ते नाव मी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. मामांनी ते एकदा स्वतःशी पुटपुटून बघितलं, मग नदीकडं तोंड करून, प्रवाशाला पलीकडून हाक मारावी तसं मोठ्यानं म्हटलं. आणि टोपी डोक्यावर ठेवून माझ्याकडं वळले.

"धरा तिकडून, म्याडम," म्हणाले. "सुलटी करू."

मी धरलं.